बर्फावरचा खजूर

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माझा रोजा सोडायला अख्खी हॉकीची मॅच थांबली होती," कासिमने सुरुवात केली, तशी मशिदीच्या हॉलातली मंडळी मसुराच्या सुपाचे वाडगे घेऊन जवळ सरकली. दर रमजानात ही मॅच थांबायची, आणि दर वर्षी जरा जास्तच वेळ.

आज तर तिला थांबणं भागच होतं. उद्या ऐन इफ्तारीच्या वेळी त्याच्या नातीची, सलमाची मॅच होती. आपला रोजा आहे हे टीमला सांगावं की गुपचूप रेटावं, हे पोरीचं ठरत नव्हतं.

कासिम याच गावात, कॅनडातल्या अल्बर्टाच्या थंडीत जन्मलेला. गोलकीपर म्हणून गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. टीममध्ये सगळे त्याला केसी म्हणत. त्या दिवशी मॅच चालू असतानाच सूर्य बुडाला आणि बाबा फरसाठी पाळलेल्या मिंक प्राण्यांचे पिंजरे साफ करून तसेच आले, अंगाला वास, मुठीत खजूर. गोलमागच्या कठड्यावरून त्यांनी हात पुढे केला, "कासिम" अशी हाक मारली.

इथवर सगळं खरं होतं. दर वर्षी इथूनच थाप उधळे. रेफरीने शिटी फुंकली. समोरच्या टीमने काठ्या खाली ठेवल्या. बाबा साध्या बुटांनी बर्फावरून चालत आले, एकदाही घसरले नाहीत, आणि झेंड्याखाली त्यांनी लेकाला खजूर भरवला. गेल्या वर्षीच्या गोष्टीत प्रेक्षक नुसते उभे राहिले होते. यंदा त्यांनी टोप्याही काढल्या.

सांगताना तो कोपऱ्याकडे मात्र बघत नसे. तिथे त्याची धाकटी बहीण झहिया बसायची.

"मग पणजोबा काय म्हणाले?" सलमाने विचारलं.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कासिमने उगाच वाडगा ढवळला.

"काही म्हणाले नाहीत," संत्रं सोलता सोलता झहिया म्हणाली. "मॅच थांबलीच नव्हती, दादा. टीममधल्या कुणीतरी तुला विचारलं, हा म्हातारा कोण रे? तू म्हणालास, माहीत नाही. मी बाबांचं बोट धरून उभी होते."

कासिमने वाडगा खाली ठेवला.

"आणि खजूर?" सलमा हळूच म्हणाली.

"गाडीत मला दिला त्यांनी. म्हणाले, दादाचा आहे, जपून खा."