अनरिअल टेबल

आयुष्यभर कमावलेली अब्रू एका शब्दाने जाऊ शकते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. भरीव मिस्त्रींची गेली तेव्हा त्यांचा एक पाय पायजम्यात होता आणि दुसरा अजून बाहेर.

“काय लिहिलंय म्हणालीस?” त्यांनी दाराआडूनच सुनेला विचारलं.

“‘टेबल अनरिअल!’ एवढंच, बाबा. दातांच्या डॉक्टरबाईंनी टाकलंय फोनवर, आपल्या कारखान्याच्या पानावर. सगळ्यांना दिसतं ते.”

“म्हणजे काय?”

सून कामावर निघायच्या घाईत होती. “रिअल म्हणजे खरं. आधी ‘अन’ लागलं की उलटं. फिट, अनफिट, तसं. म्हणजे... खोटं. आणि पुढे उद्गारचिन्ह आहे.”

“म्हणजे ओरडून सांगितलंय,” मिस्त्री म्हणाले आणि दुसरा पाय घातला.

“अहो, बाई किती हसतमुख आहेत,” बायको म्हणाली. “त्या कशाला वाईट लिहितील?”

“दातांची डॉक्टर आहे. हसतमुख असणारच.”

सबंध लाकडाशिवाय काम करत नाहीत म्हणून मिस्त्रींना ‘भरीव’ हे नाव गावाने दिलं होतं, आणि त्यात निम्मी चेष्टा होती. थोरला भाऊ आणि ते पूर्वी एकत्रच सुतारकाम करायचे. मग थोरल्याने प्लायवुडवर लाकडाचा पापुद्रा चिकटवायला सुरुवात केली. “लाकूड वरून दिसतं तेवढंच लागतं,” तो म्हणाला. “मग माणसंही तू वरूनच बघत असशील,” मिस्त्री म्हणाले. त्यानंतर धंदा वेगळा झाला आणि बोलणं बंद. थोरल्याची आता तीन दुकानं आहेत. मिस्त्रींकडे टोपणनाव आहे.

“हे त्याने वाचलं, तर मेलो मी,” असं म्हणत त्यांनी पिशवीत करवत टाकली.

“करवत कशाला?” बायको घाबरली.

“पुरावा दाखवायला.”

दवाखान्यात डॉक्टरबाई आत कुणाची तरी दाढ कोरत होत्या. मिस्त्रींनी बनवून दिलेलं ते टेबल बाहेरच्या खोलीत, मासिकांखाली उभं होतं. मिस्त्रींनी मासिकं उचलून खुर्चीवर ठेवली, टेबल आडवं केलं आणि गाल सुजलेल्या एका गृहस्थांना ते धरायला लावलं. गृहस्थांना बोलता येत नव्हतं, त्यामुळे विरोध झाला नाही.

आतलं यंत्र थांबलं तरी बाहेर करकर चालूच राहिली, तेव्हा बाई तोंडावरचा मास्क खाली ओढत आल्या.

“मिस्त्री! काय चाललंय हे?”

मिस्त्रींनी टेबलाच्या पायाचा कापलेला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. “बघा. रेषा आरपार गेल्यात. पापुद्रा कुठे दिसतोय? वास घ्या. खोटं कशावरून म्हणालात?”

“मी कधी खोटं म्हणाले?”

“अनरिअल म्हणालात. ओरडून.”

बाई आधी हसल्या, मग तुकड्याकडे बघून हसायच्या थांबल्या. “अहो, ते कौतुक आहे! हल्ली असंच म्हणतात. इतकं सुंदर, की खरं वाटू नये.”

“पण खरं आहे.”

“आहेच की.”

“मग का वाटू नये?”

बाईंनी जरा विचार केला. “असं बघा, मी खोटे दात बसवते. लोक म्हणतात, अगदी खरे वाटतात. मी खूश होते.”

“व्हायलाच पाहिजे. तुमचं खोटं काम खऱ्यासारखं जमलं. माझं खरं काम खोट्यासारखं जमलं, यात मी कशाला खूश होऊ?”

सुजलेल्या गालाने जमेल तेवढी मान डोलावली.

“लोकांना कळतो हो त्याचा अर्थ,” बाई म्हणाल्या.

“तुमच्या लोकांना कळत असेल. माझ्या भावाला काय मी जाऊन शिकवू? बोलत नाही तो माझ्याशी.” मिस्त्रींचा आवाज खाली आला. “तेवढा शब्द काढा, डॉक्टरबाई.”

“काढते,” बाई म्हणाल्या. “पण या पायाचं काय?”

मिस्त्रींनी टेबल उभं केलं. ते एका कोपऱ्यात कलंडलं. एवढं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

“तुकडा परत चिकटवा ना,” बाई म्हणाल्या. “कुणाला कळणार आहे?”

मिस्त्रींनी त्यांच्याकडे असं बघितलं, की बाईंनी मास्क पुन्हा वर ओढला. मग मिस्त्रींनी टेबल परत आडवं केलं, गृहस्थांना खूण केली आणि उरलेले तिन्ही पाय कापले. भुसा स्वतः झाडला. मासिकं होती तशी लावून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुनेने नवा मजकूर वाचून दाखवला. “‘टेबल भरीव लाकडाचं आहे. थोडं बुटकं आहे.’”

“बुटकं कशाला लिहिलं बाईंनी?” बायको फणकारली. “तेवढं काढायला सांगा.”

“आहे ना ते बुटकं? मग राहू दे,” मिस्त्री म्हणाले आणि रंधा मारायला बसले.

त्या मजकुरावरून आठवड्याभरात एक फोन आला. त्या माणसाला बुटकंच टेबल हवं होतं.