मुक्ताबाईंची चार बोटं

सन २०२५. वैशाख महिना, सोमवारची सकाळ. गाव कुरवंडे.

मी मापाचा बांबू बोलतोय. पाच हात लांब, सात पेरांचा, अजून सरळ. उगाच बोलायची मला सवय नाही. पण त्या सकाळचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

श्रीपती केदारी, म्हणजे आबा, यांनी मला १९९९ साली तोडलं. चुलीवर टांगून धूर दिला, म्हणून मला कीड लागली नाही. काम एकच. दर सोमवारी घरामागच्या झऱ्याच्या कुंडात उभं राहायचं. बाहेर काढलं की माझा ओला भाग आबा आडव्या बोटांनी मोजत. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या खाड्याशेजारी. मला खाचा पाडल्या नाहीत. खाच पडली की बांबू कुजतो. मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी आपलं आहे, तर किती आहे ते ठाऊक असावं. एवढंच.

२०१८ साली तेजल आली. सुदुंबऱ्याची मुलगी, डोंगरातल्या झऱ्यांवर संशोधन करणारी. वीस वर्षांची कॅलेंडरं बघून ती जमिनीवर बसलीच. आबांचं बोट तिने पट्टीवर धरलं. दोन सेंटीमीटर भरलं. मग विचारलं, "आबा, सगळी मापं तुमचीच ना?"

"व्हय. माजीच."

मी कोपऱ्यात उभा होतो. मला ठाऊक होतं. पण मला कोण विचारतो?

तिचा शोधनिबंध छापून आला. दुसऱ्या अभ्यासकाने आपल्या लेखात त्याचा दाखला दिला की तिचा आकडा एकाने वाढतो. आबांना त्याचं भारी वेड लागलं. ती आली की पाणी राहो बाजूला, पहिला प्रश्न, "आकडा किती झाला?" चाळीस झाले तेव्हा त्यांनी मला तेल लावलं. मीही फुगलो. खोटं कशाला सांगू?

तर त्या वैशाखात तेजल धावतच अंगणात आली. "आबा, दोनशे! दोनशे दाखले झाले! पुढल्या महिन्यात माझी प्राध्यापकपदाची मुलाखत आहे!"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मुक्ताबाई, त्यांची बायको, तांदूळ निवडत होत्या. "एवढं काय लिवलंय गं त्यात?"

"मावशी, २००८ ला पाणी जिरवायला वरच्या उतारावर चर खणले ना? त्यानंतर तीन वर्षं झऱ्याचं पाणी वाढलं. सगळे तेच वाक्य घेतात."

मुक्ताबाई हसल्या. "वाढलं? त्या सालांत हंडा बुडत नव्हता कुंडात! मला इचार की. ह्ये हिरड्याच्या झाडावरनं पडून पाय मोडून बसलेले. तीन वर्सं मीच मोजायची. मी वराडून सांगायची, ह्ये खाटेवरनं लिवायचे."

तेजलने मला उचललं, दोघांचे हात माझ्यावर शेजारी शेजारी ठेवले. मुक्ताबाईंची चार बोटं म्हणजे आबांची तीन. बोटं बारीक, म्हणून आकडा मोठा. पाणी वाढलंच नव्हतं.

"म्हणजे ते वाक्य चूक," ती म्हणाली.

"आता सांगितलंस तर मुलाखतीचं काय?" मुक्ताबाईंनी विचारलं.

आबांची मान खाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"खोटं माज्या तोंडचं हाय," आबा म्हणाले. "बायकोनं मोजलं म्हनायला जीभ रेटली न्हाई. तसंच छाप."

तेजलने पिशवीतून कागद काढला. मुक्ताबाईंची मापं आबांच्या बोटात बदलत गेली. चोवीसचे अठरा. वीसचे पंधरा. आणि एकदम ओरडली, "जुळलं! २०११ ला पाणी अचानक घसरलं कसं, हे मला सात वर्षं कळत नव्हतं. ते घसरलंच नव्हतं, मोजणारं बोट बदललं होतं! आधीपासून हळूहळू उतरतंय. मावशी, तुमच्या बोटांनी कोडं सुटलं!"

"माज्या?" मुक्ताबाईंनी हात पदराला पुसले आणि पुन्हा पुन्हा बघितले. माझ्या पेरापेरात कंप सुटला होता. चुकलेलं माप बरोबर झालं की मापाला काय होतं, ते माणसांना कळायचं नाही.

दुरुस्ती मुलाखतीआधीच छापायला गेली. पद दुसऱ्याला मिळालं. दोनशेवरचा आकडा तिथेच थांबला. आबांनी एकदाही विचारला नाही.

कार्तिकात, सोमवारीच, तेजल छापील पान घेऊन आली. दुरुस्तीलाही अकरा दाखले मिळाले होते. पान इंग्रजीत. वर तिने पेनाने मराठीत लिहिलं होतं. आबांनी चष्मा लावला. अक्षर अक्षर जुळवत, शेजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं.

"२००८ ते २०१०. मोजमाप, मुक्ताबाई श्रीपती केदारी."

मग त्यांनी मला कोपऱ्यातून काढलं आणि मुक्ताबाईंच्या हातात दिलं.

"सोमवार हाय," ते म्हणाले. "मोज."