बार्बराचा करकरणारा बाक

मित्रांनो, या, बसा. पण बसण्याआधी एक सांगून ठेवतो. मी करकरतो. दचकलात तरी हरकत नाही, माझ्यावर बसून दचकलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत.

मी एक जुना बाक आहे. शाळेतला नव्हे आणि बागेतला तर नव्हेच. हाइडबेर्ग गावच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, राखीव खेळाडू आणि प्रशिक्षक ज्याच्यावर बसायचे तो मी. समोर मैदान होतं आणि मैदानापलीकडे कोळशाच्या खाणीतून उपसलेल्या मातीची काळी टेकडी होती. माझी पाठ कँटीनकडे. तिथून सूपचा वास यायचा, कढईत बटाटे चुरचुरायचे, ग्लास आपटायचे, मधेच सगळे मिळून खो खो हसायचे. मला मात्र काही दिसायचं नाही. माणसं एवढी कशाला हसतात ते मला एकदा तरी वळून बघायचं होतं. पण बाकाला मान नसते. तेव्हापासूनच माझा स्वभाव चौकस झाला असावा.

मला बनवलं त्यूरने. तो खाणीत सुतार होता. जमिनीखाली छताला टेकू लावायचे ते काम त्याचं. टेकूला ओकचं लाकूड चालत नाही, पाइनचंच लागतं. ओक दणकट खरा, पण मोडतो तो एकदम, तोंडातून शब्द न काढता. पाइन मोडायच्या आधी करकरतं. ती करकर कानावर पडली की खाणकामगार हातातलं टाकून पळतात, विचार करत बसत नाहीत. त्यूरने अशाच चार टेकूंच्या फळ्या काढल्या, ठोकल्या, हिरवा रंग दिला आणि मला मैदानाकडेला आणून ठेवलं. गावाच्या क्लबचं नाव बार्बरा. खाणकामगारांची रखवाली करणारी संत ती, दुसरं नाव कोण ठेवणार?

पहिल्याच सामन्यात मी गावाचं हसं केलं. समोर शेजारच्या आइकेनरोडचा संघ होता. ते दुकानदारांचं गाव, तिथे खाण नाही. पहाटेची पाळी करून आलेले आमचे पाच धिप्पाड गडी माझ्यावर बसले आणि मी करकरलो. झालं! पाचही जण ताडकन उठले आणि छप्पर कोसळतंय असं समजून थेट मैदानात पळाले. खेळ चालू होता. रेफरीने शिट्टी मारून विचारलं, "हे काय चाललंय?"

"लाकूड बोललं," त्यातला एक धापा टाकत म्हणाला.

आइकेनरोडचे लोक हसून हसून लोळले. त्या दिवसापासून ते आमच्याकडे खेळायला आले की तोंडाने "कर्रर्र, कर्रर्र" असा आवाज काढायचे. पण खरं सांगू? आमच्या माणसांची सवय काही गेली नाही. मी करकरलो की सगळे उठायचे, आणि मग एकमेकांकडे बघून ओशाळं हसत परत बसायचे.

अशाच एका रविवारी लोड व्रांकेन पहिल्यांदा माझ्यावर बसला. कोवळं पोर, लांब पाय, नखं कुरतडायची सवय. त्याचा बाप खाणीत होता आणि टेकूच्या अशाच करकरीमुळे एकदा जिवंत घरी आला होता. लोड इतर सगळ्यांच्या आधी उठायचा. बापाने त्याला तसंच वाढवलं होतं.

लोड फार दिवस माझ्यावर बसला नाही. एकदा मैदानात गेला तो गेलाच. डाव्या पायाने असे गोल मारायचा की पाठीमागच्या कँटीनमधले लोक ग्लास हातात घेऊन बाहेर यायचे. मला तेव्हा फार बरं वाटायचं, कारण ते माझ्या बाजूला येऊन उभे राहायचे आणि माझ्या नजरेला पडायचे. मग शहरातल्या मोठ्या क्लबने त्याला नेलं. अध्यक्ष नेलिसेन, म्हणजे आमचा बेकरीवाला, त्याने त्या दिवशी गावभर भाताची खीर भरलेला गोड केक वाटला. "आमचा लोड," असं म्हणताना त्याची छाती फुगायची.

त्यानंतरचं मला ऐकूनच ठाऊक. लोडचा फोटो वर्तमानपत्रात आला. लोड देशाच्या संघात जाणार अशी बातमी उठली. मग लोडचा गुडघा गेला असं ऐकलं. तिशीही उलटली नव्हती.

काही वर्षांनी तो आमचा प्रशिक्षक म्हणून परत आला. पाय थोडा ओढत चालायचा. मी आनंदलो, आता हा रोज माझ्यावर बसेल असं वाटलं. पण तो बसेच ना. प्रत्येक सामन्याआधी माझ्या टोकावर तळहात दाबायचा, कान देऊन मी करकरतोय ना हे ऐकायचा, आणि मग पूर्ण वेळ उभा राहायचा. का? माझं डोकं त्या कोड्याने पोखरून निघालं. लोक म्हणायचे, अंधश्रद्धा आहे त्याची. नेलिसेनला तर माझ्या आवाजाची लाज वाटायची. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून त्याने एकदा लोखंडी पट्ट्या ठोकायला माणूस पाठवला.

लोडने त्याला फाटकातूनच परत पाठवलं आणि नेलिसेनला सुनावलं, "पट्ट्या तुमच्या भट्टीला ठोका, अध्यक्ष. माझ्या बाकाला हात लावायचा नाही."

आता तो सामना सांगतो, ज्याने सगळं बदललं.

खाण बंद होणार हे तोवर नक्की झालं होतं. संघही घसरत घसरत तळाला आला होता. शेवटचा सामना आइकेनरोडशी होता. जिंकलो तर टिकलो. नाही जिंकलो तर खालच्या गटात जायचं आणि बार्बरा आइकेनरोडच्या क्लबात विलीन व्हायची, असं नेलिसेनने कबूल करून टाकलं होतं. आमच्याकडे प्रत्येक क्लबला जन्मापासून एक नोंदणी आकडा असतो. तो म्हणजे घराण्याचं नावच. विलीन झालं की एकाचा आकडा राहतो आणि दुसऱ्याचा कायमचा पुसला जातो. आमचा आकडा माझ्या मागे कँटीनच्या भिंतीवर रंगवलेला होता. मी तो कधी पाहिला नव्हता, पण पाठीला जाणवायचा. खाण चालली होती. आता आकडाही गेला तर गावाकडे आपलं म्हणायला काय उरणार?

सगळी आशा सांद्रो पिरासवर होती. त्याचे वडील दूरच्या सार्डिनिया बेटावरून खाणीत कामाला आलेले. सांद्रोचा जन्म इथलाच, वीस वर्षांचा आणि वाऱ्यासारखा चपळ. पण त्या आठवड्यात सरावात तो पडला होता. गुडघ्याला पट्टा बांधून तो माझ्यावर बसला.

"कसा आहे?" लोडने विचारलं.

"एकदम ठीक, ट्रेनर. सांगाल तेव्हा जातो."

मला मात्र त्याचं वजन कळत होतं. एका पायावर भार न देता तो सगळा एका कुशीवर रेलला होता. मी हे कुणाला सांगणार?

उत्तरार्धात एक-एक अशी बरोबरी होती. लोक सांद्रोच्या नावाने ओरडू लागले. आइकेनरोडचे पाठीराखे "कर्रर्र, कर्रर्र" करत होते. नेलिसेन माझ्या मागे येऊन उभा राहिला, त्याच्या अंगाला पिठाचा वास येत होता.

"लोड, वाट कसली बघतोस? घाल त्याला."

लोडने मान डोलावली. "सांद्रो, तयार हो."

सांद्रोने उठण्यासाठी दोन्ही हात माझ्यावर टेकले आणि जोर लावला. आणि मी करकरलो. असा करकरलो की तसा पूर्वी कधी करकरलो नव्हतो, फळीपासून पायापर्यंत. मी मुद्दाम करकरलो का, असं तुम्ही विचाराल. मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. मला अजून कळलेलं नाही.

बाकावरचे सगळे ताडकन उठले. पाण्याची बादली सांभाळणारा म्हातारा त्यूरसुद्धा उठला. नेलिसेनही दोन पावलं मागे सरला. फक्त एक जण बसून राहिला. खाणकामगाराचा पोरगा, लहानपणापासून त्याच आवाजावर उडी मारायला शिकलेला, सांद्रो. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

लोड त्याच्यासमोर वाकला. "लाकूड बोललं, सांद्रो. आणि तू उठला नाहीस."

"पाय जरा आखडला होता, ट्रेनर."

"उठ मग आता."

सांद्रो उठला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला जाऊ द्या हो. पाचच मिनिटं. सगळं गाव बघतंय."

"बघू दे. तू खेळणार नाहीस."

नेलिसेन मागून हलक्या आवाजात म्हणाला, "तो खेळला नाही तर उद्यापासून तूही इथे नाहीस."

"बरं," लोड म्हणाला. आणि नेलिसेनकडे न बघताच त्याने दुसऱ्या एका खेळाडूला आत पाठवलं.

सामना बरोबरीत सुटला. मित्रांनो, कँटीनमधून त्या दिवशी काहीच आवाज आला नाही. मी आयुष्यात कधी इतका बेचैन झालो नव्हतो.

सगळे गेल्यावर त्यूर रिकाम्या बाटल्या गोळा करत होता. लोड उभाच होता.

"नॉन्कल त्यूर, तुम्ही तरी शिव्या द्या." आमच्याकडे नॉन्कल म्हणजे काका.

"घरी जाऊन देतो," त्यूर म्हणाला. "आधी एक सांग. हा बाक तू रोज दाबून का बघायचास?"

लोडने माझ्यावर हात ठेवला. "शहरातला बाक गादीचा होता, नॉन्कल. एकदम मुका. माझा गुडघा मात्र वर्षभर करकरत होता. मी इंजेक्शन घेऊन घेऊन त्याचं तोंड बंद केलं. कुणी विचारलं की म्हणायचो, एकदम ठीक. एक दिवस तो मोडला, ओकासारखा." त्याने माझ्या फळीवरून हात फिरवला. "म्हणून बघायचो, हा अजून बोलतोय ना."

"आणि बसायचा का नाहीस?"

"एकदा बसलो आणि हा बोलला, तर मला तेवढ्या झटक्यात उठता येणार नाही. पोरांना ते कळू द्यायचं नव्हतं."

माझं कोडं सुटलं. सुटलं तेव्हा ते कोडंच बरं होतं असं वाटलं.

आकडा पुसला गेला. गावात बरेच दिवस लोडशी कुणी धड बोललं नाही. नेलिसेनच्या बेकरीत तो शिरला की आतल्या बायका एकाएकी वजनकाट्याकडे बघू लागायच्या. सांद्रो तर त्याला आईच्या भाषेत काहीबाही बोलला म्हणे. पण डॉक्टरांनी सांद्रोचा गुडघा उघडून पाहिला, तेव्हा हाडं जोडणारा आतला बंध एका धाग्यावर लोंबत होता. पाच मिनिटांत तो तुटला असता.

मला उचलून कँटीनच्या मागे टाकलं. नव्या क्लबाला प्लास्टिकच्या खुर्च्या हव्या होत्या. आणि गंमत बघा, ज्यासाठी मी जन्मभर झुरलो ते सगळं मला तिथे दिसलं. बटाटे तळायची खिडकी, सायकलींची रांग, दाराशी गप्पा छाटणारी माणसं. ती कशाला हसतात तेही कळलं. बहुतेक वेळा काहीच कारण नसतं. माझ्या पायांशी खाजकुयली वाढली, रंग उडाला, एका टोकाला बुरशी आली. पाहायला मिळालं होतं, पण माझ्यावर कुणी बसत नव्हतं.

तिथे पडल्या पडल्या मी लोडच्या बातम्या ऐकायचो. तो दुसऱ्या क्लबांचा प्रशिक्षक झाला, मग त्याहून मोठ्या क्लबांचा. त्याची एक पद्धत सगळीकडे गाजली. खेळाडू कपडे बदलून निवांत बसले की तो अचानक फळीवर जोरात थाप मारायचा आणि सगळ्यांना उठायला लावायचा. जो उशिरा उठेल त्याला आधी डॉक्टरकडे. लोक हसायचे. पण त्याच्या हाताखाली कुणाचा पाय कायमचा गेल्याचं मी ऐकलं नाही. आणि सांद्रो? तो बारा हंगाम वरच्या गटात खेळला. नंतर गावी परत आला आणि लहान मुलांना शिकवू लागला.

त्यानेच मला शोधून काढलं. खाजकुयलीत हात घालून, शिव्या देत. कुजलेलं टोक कापलं, घासून पुसून पुन्हा हिरवा रंग दिला आणि मुलांच्या छोट्या मैदानाकडेला नेऊन ठेवलं. क्लबातल्या कुणीतरी सुचवलं, स्क्रू आवळून घेऊ, आवाज जाईल. सांद्रो म्हणाला, "हात तर लावून बघ."

पहिल्या दिवशी त्याने लोडला बोलावलं. लोड काठी टेकत आला. केस पांढरे, नखं अजून कुरतडलेली. त्याने सवयीने माझ्या टोकावर तळहात दाबला. मी उत्तर दिलं. तो हसला आणि इतक्या वर्षांनी, मित्रांनो, तो हळूच माझ्यावर बसला. मी मनापासून करकरलो. शेजारची मुलं सांद्रोने शिकवल्याप्रमाणे टुणकन उठून उभी राहिली.

लोड बसून राहिला.

सांद्रो त्याच्यासमोर वाकला. "लाकूड बोललं, ट्रेनर. आणि तुम्ही उठला नाहीत."

"म्हातारा झालोय रे. एकदम ठीक आहे मी."

"ते मीही म्हणालो होतो. उद्या डॉक्टरकडे जायचंय. गाडी घेऊन येतो, तयार राहा."

"बरं," लोड म्हणाला.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. मला पावसात भिजू देऊ नका, दोन वर्षांनी रंग द्या, जमलं तर माझ्यावर चिखलाचे बूट घेऊन उभे राहू नका. पण माझी करकर कधी बंद करू नका. आणि तुमच्या शेजारी कुणी "एकदम ठीक" म्हणत नुसतं बसून असेल, तर त्याला एकदा उठायला सांगा, आणि उठता आलं नाही तर हात द्या.