शेवटची चार भोकं

"फिरव," ओमुरझाक म्हणाला. बुरुलने तुंडुक आणखी एक घर पुढे सरकवलं.

तंबूघराच्या माथ्यावर बसणारं ते लाकडी कडं अंगणात तिवईवर आडवं ठेवलं होतं. त्याच्या कडेने चौसष्ट भोकं. प्रत्येक भोकात एक वाकवलेला वासा बसतो आणि सगळं छप्पर त्यावर तोललं जातं. ओमुरझाकने घरून एकच वासा आणला होता. तो भोकात घालायचा, खालचं टोक जमिनीतल्या खुंटीला टेकतं का पाहायचं, काढायचा, की कडं एक घर पुढे. कितीही फिरवलं तरी वासा त्याच खुंटीला टेकायला हवा.

माणूस किरकिरा नव्हता. गेल्या उन्हाळ्यात कुरणावर भलत्याच्या हातचं तुंडुक वाऱ्यात पिरगळलं, घर बसलं आणि त्याच्या आईचा खांदा निखळला. म्हणून तो कोचकोर गावी सेयितबेक उस्तांकडे, नावाजलेल्या कारागिराकडे, आला होता. कामाला मुलीचा हात लागू देऊ नका, असं बजावून गेला होता. उस्तांनी तसा शब्द दिला होता.

सेयितबेक, बुरुलचे आबा, दाराशी बसले होते, हात बाह्यांत खुपसून. दोन वर्षं ते हात कापत होते. साठ भोकं बुरुलनेच तापल्या सळईने पाडली होती. शेवटची चार मात्र आबांनी हट्टाने स्वतः पाडली. तिने तेव्हा तोंड फिरवलं होतं, आणि नंतर तपासायचा धीर तिला झाला नव्हता.

चाळीस. पन्नास. ओमुरझाकच्या कपाळावरच्या आठ्या विरत गेल्या, तशी बुरुल कडं अधिकाधिक हळू सरकवू लागली. साठ झाली. एकसष्टावंही बसलं.

बासष्टाव्या भोकात वासा गेला आणि त्याचं टोक खुंटीपासून वीतभर बाजूला राहिलं.

ओमुरझाकने तो काढून पुन्हा घातला. तेवढाच बाजूला. मग त्याची नजर बुरुलच्या बोटांवरच्या चटक्यांकडे गेली.

"म्हणजे लोक सांगतात ते खरंय," तो म्हणाला. "पोरीच्या हातचं दिलंत मला, उस्ता. माझी म्हातारी झोपणार होती याखाली."

दोष आपल्यावर घ्यायचं बुरुलने केव्हाच ठरवलं होतं. तिने तोंड उघडलं.

"तू गप बस," सेयितबेक उठत म्हणाले. जवळ येऊन त्यांनी दोन्ही हात बाह्यांतून काढले आणि कड्यावर ठेवले. लाकडावर नखं टकटक वाजू लागली. त्यांनी ती वाजू दिली.

"साठ तिची आहेत. हे माझं. शब्दही मीच मोडला."

ओमुरझाकने त्या हातांकडे पाहिलं. मग त्याने वासा भिंतीला टेकवून ठेवला आणि बुरुलला विचारलं, नवं करायला किती दिवस लागतील. बारा, ती म्हणाली.

"मग तूच कर. चौसष्टच्या चौसष्ट."

आठवड्याने नवं कडं वाकवून तयार झालं. सळई तापली, पण एकटीला कडं आवरेना. ते सारखं निसटत होतं. सेयितबेक न बोलवता आले, खाली बसले आणि त्यांनी ते छातीशी कवटाळून धरलं. तसं धरलं की त्यांचे हात कापत नसत.