खालच्या मजल्यावरचा ससा

जज्जसाहेबांनी गवत सोडलं, तेव्हा बायकोने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. जज्जसाहेब म्हणजे आमचा ससा. त्याचे दोन्ही कान गालांवरून खाली लोंबतात, त्यामुळे चेहऱ्यावर कायम निकाल राखून ठेवल्याचा भाव. सशाने वाळलेलं गवत दिवसभर चघळत राहायला हवं. तोंड थांबलं की पोट थांबतं, आणि पोट थांबलं की ससा हातचा जातो. हिने गवत ताजं आणलं, पाण्याचं भांडं बदललं, कोथिंबीर पुढे धरली. साहेब दोन काड्या तोंडात घ्यायचे आणि एकदम थिजायचे.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले, पोट चाचपलं. "दुखणं काही नाही. कशाला तरी घाबरतोय. घरात आवाज वगैरे?"

"हे गातात," ही म्हणाली.

माझं गाणं बंद झालं. साहेबांचा उपास चालूच राहिला. मग मीच त्यांच्या शेजारी जमिनीवर ठाण मांडलं.

खालून ठक् झालं. साहेबांनी गवत टाकलं आणि मागचा पाय फरशीवर धाडकन आपटला. खालून पुन्हा ठक्. वर पुन्हा धाड.

खाली एक घड्याळजी राहतात. चिमट्यात केसाएवढं चाक धरलेलं असताना वर आवाज झाला की ते छताला झाडूचा दांडा हाणतात. मी खाली गेलो.

"तुमच्याकडे पाय कोण आपटतं हो? वहिनी रागावल्यात?"

"ससा. तुम्ही ठोकलंत की आपटतो."

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. भांडणापेक्षा त्यांना आतलं यंत्र बघायची हौस जास्त. मी हिला फोन लावून स्पीकर चालू केला, त्यांनी एकदाच ठोकलं.

"आपटला," ही वरून म्हणाली. "धोका दिसला की ससे असंच करतात. भावजी, त्याला वाटतंय खाली दुसरा ससा आहे."

"पण सुरुवात त्याची," घड्याळजी म्हणाले. "काहीतरी आदळलं होतं."

"त्याचं खाण्याचं भांडं. रिकामं झालं की फेकतो."

घड्याळजी दांड्याकडे बघत राहिले. "म्हणजे तो जेवायला मागत होता, आणि मी त्याला पळ म्हणून सांगत होतो. बरं, धोका टळला हे ससे कसं सांगतात?"

"सांगत नाहीत बहुतेक. दुसरा निवांत खाताना दिसला की आपणही खातात."

इतक्या वर्षांत घड्याळजींनी आमच्याकडे चहासुद्धा घेतला नव्हता. आता ते वर आले, चपला काढून जमिनीवर बसले आणि कोथिंबिरीची काडी चावू लागले. साहेब लांबूनच बघत होते.

"मान खाली घालून खा भावजी," ही कुजबुजली.

त्यांनी मान घातली. साहेबांचं नाक हललं. ते पुढे आले, घड्याळजींचा गुडघा हुंगला, गवताची एक काडी ओढली, मग दुसरी. खोलीत बारीक कुरुमकुरुम ऐकू येऊ लागलं.

"वहिनी," घड्याळजी मान न उचलता म्हणाले, "आता थांबू?"

"एवढ्यात नको." तिने दुसरी जुडी सोडली आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही काय उभे? बसा खाली."