आडवी बाबागाडी

गेल्या मंगळवारी लाई साहेबांनी सगळ्यांसमोर माझी लाज काढली. "बाई, गिऱ्हाईकं मान वाकडी करून सोफे बघतायत! त्यांच्या मानेचं औषधपाणी तू करणार का?"

तैपेईतल्या आमच्या कंपनीचं जुन्या वस्तू विकायचं अ‍ॅप आहे. मोबाईलच्या फोटोच्या पोटात बरीच माहिती दडलेली असते. तो कधी काढला, कुठे काढला, फोन उभा धरला होता की आडवा. आम्ही ती सरसकट पुसून टाकायचो, म्हणून फोटो आडवे पडायचे. खरं तर फक्त ठिकाण पुसायला हवं होतं. पण शिव्या खाऊन माझं डोकं फिरलं होतं, मी पुसणंच बंद करून टाकलं. फोटो सरळ झाले. साहेबांनी दुधाचा चहा पाजला आणि मी मूर्खासारखी फुशारले.

आज दुपारी डबा उघडतेय तोच धाकट्या बहिणीचा, पेइ-लिनचा फोन आला. नवऱ्याने, योंग-छिंगने, तिचा हात मोडला तेव्हा ती तान्ह्या मुलीला बाबागाडीत घालून पळाली. गेलं वर्षभर ती दूर दक्षिणेला ताइनानमध्ये लपून राहते आहे.

"ताई, तुमच्या अ‍ॅपवर बाबागाडीला गिऱ्हाईक मिळालं! सहा वाजता कोपऱ्यावरच्या दुकानात द्यायचीय."

"घरी बोलावू नकोस हं कुणाला."

"वेडी आहे का मी? फोटोत भिंतसुद्धा येऊ दिली नाही."

फोन ठेवल्यावर मी कौतुकाने तिचा फोटो उघडला. बाबागाडी अगदी सरळ उभी होती. मग सवयीने आतली माहिती वाचली. अक्षांश-रेखांश जसेच्या तसे होते, कुणीही वाचावेत असे. नकाशावर टाचणी थेट तिच्या इमारतीवर पडली.

गिऱ्हाईकाचं खातं कालच उघडलेलं. नाव भलतंच, फोटो कुठल्यातरी कुत्र्याचा. तोही तपासला. टाचणी तैपेईजवळच्या बानछियाओला पडली. नव्या वर्षाचं जेवण मी दोनदा ज्या घरात जेवले, तेच घर. योंग-छिंगचं. बाबागाडी त्याने ओळखली होती.

मी तडक मोबाईल उचलला. तिला फोन लावला.

"पेइ-लिन, कडी घाल!"

"थांब ना, बेल वाजतेय. गॅसवाला असेल."

"उघडू नकोस! योंग-छिंग आहे तो!"

कडी सरकल्याचा खट्ट आवाज आला. फोनमधून मला दारावरची थाप ऐकू आली. आधी हळू. मग त्याचा तो गोडगोड आवाज आला, "बाबागाडी न्यायला आलोय." मग लाथा. मुलगी किंचाळायला लागली. ऑफिसच्या फोनवरून मी पोलिसांचा ११० फिरवला. पत्ता सांगताना बोबडी वळली, तेव्हा लाई साहेबांनी रिसीव्हर हातातून घेतला आणि समोरचा नकाशा बघून त्यांनीच सांगितला.

पोलिसांना यायला अकरा मिनिटं लागली. तोवर दाराची एक बिजागरी निखळली होती. त्याला खाली नेल्याचं पेइ-लिननेच मला सांगितलं.

"ताई," ती म्हणाली, "मी आईलासुद्धा पत्ता सांगितला नव्हता. फक्त तुला ठाऊक होता."

"हो."

"मग त्याला कुणी दिला?"

लाई साहेब मानेनेच नको नको म्हणत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"मी," मी म्हणाले. "मंगळवारी."