दांड्यांच्या बाहेर

केंद्रातल्या व्यायामाच्या खोलीत कमरेइतक्या उंचीच्या दोन लांब लाकडी दांड्या होत्या. कृत्रिम पाय बसवलेला माणूस आधी दोन्ही दांड्या धरून चालायला शिके, मग एक हात सोडी, आणि शेवटी दांड्यांच्या बाहेर येऊन मोकळ्या फरशीवर पाऊल टाकी. तेव्हा फिजिओ त्याच्या कमरेचा पट्टा मागून धरून चालत असे. तोल सावरतोय असे दिसले की तो पट्टा हळूच सोडून द्यायचा, आणि तेही न सांगता. कारण सांगितले की माणूस घाबरतो.

असाच पट्टा सोडला असताना एक आजी पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. फिजिओचे काही चुकले नव्हते. आजींनीही प्लास्टर घालून घेताना त्याची समजूत काढली होती. पण त्या दिवसापासून त्याची मूठ कुणाच्या पट्ट्यावरून सुटेना. माणसे दांड्यांच्या आतच येरझारा घालत राहिली, आणि खोलीबाहेरचा बाक भरत गेला.

जखमांचे ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर त्याच्या आधीपासून या परमुलखात स्वयंसेवक म्हणून काम करत होत्या. नव्याने आलेल्या प्रत्येकाला एका जुन्या माणसाच्या हवाली करायचे, अशी संस्थेची पद्धत होती. फिजिओ त्यांच्या वाट्याला आला होता. घरी त्यांचा पाठचा भाऊ याच वयाचा होता. त्यामुळे आजींच्या प्रसंगानंतर त्यांनी ठरवून टाकले, की या पोराला एकटे पडू द्यायचे नाही. तो कामाला लागला की त्या आपली ड्रेसिंगची खोली सोडून त्याच्या दारात येऊन उभ्या राहत. जेवताना त्याच्या ताटात वाढत. त्याच्या आईचा फोन आला आणि तो नुसताच "हं, हं" करू लागला, की फोन हातात घेऊन सांगत, "जेवला हो तो. झोपतोही नीट. तुम्ही काळजी करू नका, मी आहे."

"सिस्टर, त्याच्या वाटचा घासही तुम्हीच चावून द्या," सुतारकाका म्हणत. ते केंद्रासाठी कुबड्या बनवत आणि पाळी आली की स्वयंपाक करत. दोन्ही कामांत त्यांचा हात सारखाच जड होता.

"तुमची भाकरी असली की चावून द्यावीच लागते, काका," सिस्टर म्हणत. फिजिओसुद्धा हसे. पण ते हसू ओठांवरच राही.

मंगळवारी केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सिस्टरना बोलावून घेतले.

"ड्रेसिंगला आलेली माणसं ताटकळत बसतात," त्या म्हणाल्या. "एका खोलीला दोन माणसं मला परवडत नाहीत. शनिवारी गाडी विमानतळावर जाणार आहे. तोवर तो एकट्याने काम करायला लागला तर उत्तमच. नाहीतर त्याला घरी जाऊ दे. ही शिक्षा नव्हे, बाई. थकलेल्या माणसाला अडवून ठेवणं काही बरं नाही."

"करेल तो. मी आहे ना त्याच्याबरोबर."

"तेच तर म्हणतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तू आहेस."

सिस्टरना ते बोलणे लागले. संध्याकाळी भांडी घासताना त्यांनी फिजिओला सगळे जसेच्या तसे सांगितले. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती.

"घरी जायचंय का तुला?"

"नाही." तो पातेल्याचे बूड घासत राहिला. "पण इथे राहून लोकांना नुसतं धरूनच ठेवणार असेन, तर गेलेलं काय वाईट?"

"अरे, सुटेल हात हळूहळू. उद्यापासून मी अगदी जवळ येऊन उभी राहते. कुणी पडायला लागलं तर आपण दोघं—"

"ताई." त्याने नळ बंद केला. "एक बोलू? रागावणार नाही ना?"

"आधी बोल तर."

"तुम्ही दारात उभ्या असलात ना, की मला वाटतं, आज पुन्हा कुणीतरी पडणार. म्हणूनच तुम्ही आलाय. मग पट्टा सुटत नाही."

ओट्यापाशी पीठ मळणारे सुतारकाका तेवढ्यात मीठ शोधायला म्हणून बाहेर निघून गेले. मीठ त्यांच्या समोरच होते. सिस्टरनी उरलेली भांडी धुतली, उपडी घातली, आणि पदराला हात पुसून त्या आपल्या खोलीत गेल्या. आपण इतके दिवस जिवाचा आटापिटा केला तो हे ऐकण्यासाठी का, असा राग त्यांना आला. मग त्याच्या बोलण्यातले खरे हळूहळू उमगू लागले, तसे रागाबरोबर डोळ्यांत पाणीही आले.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळपासून ड्रेसिंगच्या खोलीत बसल्या. दोन्ही खोल्यांच्या मधे पातळ फळ्यांची भिंत होती. पलीकडचे सगळे ऐकू येई. फिजिओकडे एक ट्रकचालक आला होता. उताराला ट्रक उलटून त्याचा पाय गेला होता, पण बडबड शाबूत होती.

"डॉक्टर, आज त्या बाई नाहीत पहारा द्यायला?"

"नाहीत. चला, बाहेर या दांड्यांच्या."

सिस्टरसमोर एक गवंडी टाचेची जखम दाखवत बसला होता. त्यांनी जखम धुतली, मलम लावले, पट्टी गुंडाळायला घेतली. पलीकडे पावलांचा आवाज येत होता: एक जड, एक हलके. मग दाणकन काहीतरी आपटले.

सिस्टर ताडकन उठल्या. पट्टीचे एक टोक गवंड्याच्या पायाला आणि दुसरे त्यांच्या हातात. भिंतीपलीकडे सगळे शांत होते. ती शांतता त्यांना सोसवेना. दार चार हातांवर होते.

"बाई," गवंडी अजिजीने म्हणाला, "पाय ओढला जातोय."

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग पलीकडून फिजिओचा आवाज आला. कापरा होता, पण त्याचाच होता.

"कुठे लागलं?"

"लागायचं काय, आधीच अर्धा माल कमी आहे!"

"चेष्टा नको. मनगट हलवा. कोपर. बरं. आता घाई करायची नाही. चांगला गुडघा टेकवा, हात दांडीवर. मी धरलंय. उठा."

धापा, कण्हणे, एक शिवी, आणि पाठोपाठ ट्रकचालकाचे हसू. "उठलो की! आज बास म्हणायचं का, डॉक्टर?"

"नाही," फिजिओ म्हणाला. "पुन्हा चालूया."

सिस्टर खाली बसल्या. पट्टी सैल झाली होती, ती उलगडून त्यांनी नव्याने बांधली. गवंडी बिचारा निमूट बसून राहिला.

दुपारी डॉक्टरीणबाई अंगणात आल्या. फिजिओ टाकीच्या सावलीला पाणी पीत होता. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. सिस्टर बाकावरची माणसे आत घेत होत्या.

"काय ग," डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच विचारले, "शनिवारच्या गाडीत त्याची जागा ठेवायची का?"

उत्तर सिस्टरच्या जिभेवर तयार होते. त्यांनी ते गिळले.

"त्यालाच विचारा."

फिजिओने पेला खाली ठेवला.

"शनिवारी ट्रकवाल्याला बोलावलंय मी," तो म्हणाला. "परत पडेलही कदाचित. आज पडलाच. पण मी आहे."

"आणि सिस्टरना घेशील का जोडीला?" डॉक्टरीणबाईंनी चेष्टेने विचारले.

त्याने सिस्टरकडे पाहिले. बऱ्याच दिवसांनी त्याचे डोळे हसले.

"त्यांचं त्यांना विचारा," तो म्हणाला.

"मेल्या!" सिस्टर म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला आत घेऊन गेल्या.